ठाणं किती जुनं आणि तिथे बरं कोण व्हायचं?

विचारणाऱ्यांचं गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचं. ओढ्याच्या काठी सात आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत आणि वेशीबाहेर लिंबाखाली मरीआईचं ठाणं. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत किंवा अंगावर देवी आल्या की माणसं तिथे जाऊन बरी व्हायची, असं त्यांची आजी सांगते. आसरांच्या वरच्या माळावर त्यांना गारगोटीचे धारदार तुकडे मिळालेत. गावातल्या मंडळाने आता वर्गणी काढून जुना चौथरा फोडायचा आणि फरशीचं मंदिर बांधायचं ठरवलंय. त्यांचं विचारणं असं: हे ठाणं अश्मयुगीन आहे का, ते ओळखायचं कसं, आणि तिथल्या उपचारांचा काही पुरावा जमिनीत मिळतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आज तसं म्हणता येत नाही, आणि तुकडे सापडले एवढ्यावरून तर मुळीच नाही. जागेचं वय, तिथे उभ्या असलेल्या दगडाचं वय आणि त्या दगडाला मरीआई म्हणू लागल्याचं वय, ही तीन वयं वेगळी असतात. गावाला त्यातलं सगळ्यात मोठं वय हवं असतं आणि ते बाकीच्या दोघांनाही चिकटवून टाकायचं असतं. दख्खनच्या पठारावर सर्वेक्षण करताना हा आग्रह मला जवळजवळ प्रत्येक गावात भेटला आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं सांगणारे हल्ली कमी झालेत. त्यांच्या जागी 'पाच हजार वर्षांपूर्वीचं' म्हणणारे आलेत, एवढाच फरक.

तुमच्या शंकेला आधार मात्र मोठ्या माणसाचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) पेशाने गणिती, पण पुण्याच्या आसपासचे डोंगर आणि माळ त्यांनी पायी तुडवले. गावाबाहेरच्या देवींची ठाणी आणि सूक्ष्मास्त्रांच्या, म्हणजे अश्मयुगातल्या बारीक दगडी हत्यारांच्या, जागा पुष्कळदा एकत्र येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. वस्तीपासून लांब, शेतीच्या दृष्टीने बिनकामाच्या जागी देवी का बसली आहे, तर ती शेतीच्या आधीच्या भटक्या पशुपालकांच्या वाटांवर बसली आहे, असं त्यांचं म्हणणं. १९६२ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या लेखांत हे सविस्तर आहे. त्यांच्यामुळे आमच्यासारखे लोक शेंदराच्या दगडाकडे पुरावा म्हणून पाहायला शिकले.

पण दोन गोष्टी एका जागी मिळाल्या म्हणून त्यांचं नातं सिद्ध होत नाही. बेसाल्टच्या या पठारावर वैशाखात टिकणारं पाणी मोजक्या ठिकाणी असतं. शिकारी तिथेच थांबला, धनगर तिथेच थांबला, लमाणांचा तांडाही तिथेच उतरला. सात आसरा तर पाण्याच्याच देवता, त्या दुसरीकडे बसणार कुठे? परंपरा अखंड आहे असं म्हणायचं तर मधल्या काळाचा माल दाखवावा लागतो: जोर्वे काळाची (इथल्या ताम्रपाषाणयुगाची) रंगीत खापरं, सातवाहन काळाची भांडी, यादव आणि बहमनी काळातलं काही. दगडी छिलके, म्हणजे हत्यारं करताना फोडून काढलेल्या कपच्या, आणि ब्रिटिश पैसा यांच्यामध्ये काहीच नसेल, तर पुढच्या माणसांनी त्याच पाण्यासाठी तीच जागा पुन्हा निवडली, एवढंच म्हणता येतं. कोसंबींना वाटांचा नकाशा बरोबर दिसला. प्रत्येक ठाण्याच्या बाबतीत सलगता मात्र स्वतंत्रपणे सिद्ध करायला हवी, आणि ते काम फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

आता तुमचे तुकडे. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी भरलेलं असतं. दगड झिजला की ते बाहेर पडतं, बैलाच्या खुराखाली किंवा नांगराच्या फाळाने फुटतं आणि त्यालाही धार येते. माणसाने फोडलेल्या छिलक्यावर जिथे घाव बसला तिथे लहानसा फुगवटा दिसतो, पाठीवर एकमेकींना समांतर कंगोरे असतात. त्याहून महत्त्वाचा असतो तो गाभा, म्हणजे ज्याच्यावरून छिलके काढले तो उरलेला दगड. चारी बाजूंनी नियमित पट्ट्या सुटलेला गाभा मिळाला तर शंका घ्यायचं कारण नाही. नुसते पाच-पंचवीस तुकडे आणि गाभा एकही नाही, तर मी घाई करणार नाही. माळावर चकमकीचे दगडही मिळतात, ठासणीच्या बंदुकीतले. ते हौशी मंडळी अश्मयुगात जमा करतात.

शेंदराखाली काय आहे, हा दुसऱ्या वयाचा प्रश्न. मरीआईचा नुसता तांदळा असेल, म्हणजे न घडवलेला गोटा, तर दगडावरून काळ सांगता येत नाही. पण अनेक ठिकाणी शेंदराच्या आत घडीव दगड असतो. वीरगळ असतो, सतीचा हात असलेला दगड असतो, पडक्या यादवकालीन देवळाच्या खांबाचा तुकडा असतो. सप्तमातृकांचा पट्ट ओढ्याकाठी आणून तो साती आसरा म्हणून पुजल्याचं तर मी स्वतः पाहिलं आहे. सात बाया कोरलेल्या, सातांची पूजा चाललेली, गावाच्या दृष्टीने हिशेब चोख. अशा वेळी शिल्प तेराव्या शतकातलं आणि ठाणं एकोणिसाव्या, हे सहज शक्य असतं. म्हणून शिल्पाच्या शैलीवरून ठाण्याचं वय सांगणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहा.

शेंदूर काढून पाहावं असं वाटणं स्वाभाविक आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा हजार किलोहून अधिक शेंदूर २०२२ साली उतरवला, तेव्हा आतलं रेखीव रूप लोकांना पहिल्यांदा दिसलं. पण ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मंदिर दीड महिना दर्शनासाठी बंद ठेवून झालं होतं. तुम्ही खरवडायला जाऊ नका. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. सुका करून खरवडला की त्याची धूळ श्वासात जाते आणि शिसं अंगात साठतं. मुलांना तर ते फारच वाईट. कपाळावरचं बोट तोंडात जाणं, शेंदूर लागलेला अंगारा मुलाला चाटवणं, हे आज कुणी करत असेल तर थांबवा. हे पुरातत्त्व नाही, पण उपचाराच्या जागेबद्दल लिहितो आहे तर सांगायलाच हवं.

दुसरं कारण आमच्या कामाचं. तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षं चढतो, मध्ये धुळीचा थर येतो, कुठे बेगड, कुठे दोऱ्याचा तुकडा, कुठे तांदूळ चिकटून राहतो. एखाद्या वर्षी जाड थर, मग बराच काळ काहीच नाही. कोणत्या काळात ठाण्याला माणसं लोटली आणि कधी ते ओस पडलं, याची एवढी सरळ नोंद दुसरीकडे मिळत नाही. कवच आपोआप निखळून पडतं तेव्हा गावात ते विसर्जित करतात. त्याआधी त्याच्या कडेचा फोटो काढा, जमल्यास हाताएवढा तुकडा बंद डबीत ठेवा.

तरीही माझ्या मते ठाण्याचा खरा दस्तऐवज त्याच्या आसपासच्या हातभर मातीत असतो, मूर्तीत नसतो. लोकांनी काय आणलं आणि काय मागे टाकलं, ते तिथे असतं. नारळ, लिंबू, दहीभात, हिरवं पातळ, लिंबाचा पाला यातलं काही टिकत नाही. टिकतात त्या बांगड्या, कवड्या, मणी, पणत्या, कोंबड्या-बकऱ्यांची हाडं आणि दात, मातीचे बैल, नाणी. पैकी बांगड्या मला सर्वांत उपयोगी वाटतात. देवीला चुडा वाहायची रीत जुनी आणि काचेची फॅशन सारखी बदलती. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला १९४५–४६ मध्ये हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हापासून बहमनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्या दख्खनमध्ये काळ ओळखायची चांगली खूण ठरल्या. त्याआधीच्या थरांत शंखाच्या बांगड्या अधिक असतात. चौथऱ्याच्या पायथ्याशी बोटभर काच मिळाली तरी ती खाली कोणत्या खोलीवर होती हे माहीत असेल, तर मी तुम्हाला शतकाच्या आसपास नेऊ शकेन. नाण्यांबाबत जपून. शिवराई एकोणिसाव्या शतकातही चालत होती, त्यामुळे ती सापडली म्हणून ठाणं शिवकालीन होत नाही. ज्या थरात नाणं मिळालं तो थर ते नाणं पाडल्याच्या आधीचा असू शकत नाही, एवढंच ते सांगतं.

बाळबाळंतिणीच्या रक्षणाचा सर्वांत जुना आणि चांगला नोंदवलेला पुरावा योगायोगाने तुमच्याच बाजूचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथे एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली. आत स्त्रीची मूर्ती, आणि तिच्यासोबत डोकं नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. त्या शिरहीन मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला जुळती भोकं होती, काडी घालून तिला बैलावर बसवता येईल अशी. त्याच वस्तीत लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरलेली आहेत, दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून. मोठ्यांच्या दफनात घोट्याखालचे पाय तोडलेले. उत्खनन करणाऱ्यांपैकी काहींनी या शिरहीन देवीचा संबंध लेकरांच्या रक्षणाशी जोडला. तो अर्थ मला पटतो, पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. पुढे सातवाहन काळात तेर, भोकरदन, नेवासे इथे मातीच्या छोट्या लज्जागौरी मिळतात, हाताच्या तळव्यात मावतील एवढ्या. ही पूजा घरातली होती, बाईच्या हातातली होती. आजची सटवाईची पाचवी पाटावरवंटा मांडून पूजली जाते आणि दुसऱ्या दिवशी मागे काहीच उरत नाही. घरातल्या उपचारांचा मागोवा घेणं आम्हाला जड जातं ते त्यामुळे.

आजी म्हणते तशी माणसं तिथे बरी व्हायची का?

जमिनीत मागणं सापडतं, गुण आल्याचं सापडत नाही. ग्रीसमध्ये कोरिंथला अस्क्लेपिओस या आरोग्यदेवाच्या स्थानात भाजक्या मातीचे, खऱ्या अवयवांच्या मापाचे हात, पाय, कान, छात्या यांचे ढीग निघाले. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात लोक कुठल्या दुखण्यांसाठी तिथे येत, याचा त्यावरून अंदाज बांधता येतो. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय आजही विकले जातात, तो याच जातीचा नवस. आपल्या ठाण्यांवर चांदीचे डोळे वाहतात. पण चांदी कुणी जमिनीत राहू देत नाही. ती वितळते, पुजाऱ्याकडे किंवा सोनाराकडे जाते. त्यामुळे उत्खननात डोळे मिळाले नाहीत म्हणून कुणी वाहिलेच नाहीत, असा निष्कर्ष काढू नये.

देवीच्या रोगाचं बोलायचं तर, तो जोरात आला तरी दहांतली साधारण सात माणसं कसल्याही उपचाराविना वाचत. वाचलेल्यांपैकी अनेकांची दृष्टी जायची, डोळ्यांचे नवस त्यामुळेच. घरात तळण नाही, फोडणी नाही, लिंबाच्या डहाळीने वारा, थंड जेवण, रोग्याजवळ मोजकीच माणसं: हा सगळा आचार रोग्याला विश्रांती देत होता. रोग तो बरा करत नव्हता. गुण आला की श्रेय देवीला, नाही आला तर नवस चुकला. आजी खोटं बोलत नाही, तिने वाचलेली माणसं पाहिली. जी वाचली नाहीत ती तिला सांगायला आली नाहीत.

मरीआईचं काम याहून वेगळं. तिच्याकडे माणूस एकट्याचं दुखणं घेऊन क्वचित जाई. पटकी ही गावाची आपत्ती होती आणि उपायही गावाचा होता: मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या हद्दीत सोडायचा. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलणार. १८१७ मध्ये बंगालात सुरू झालेली पटकीची मोठी साथ पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पोचली, आणि मग शतकभर ती फिरून फिरून येत राहिली. म्हणून मरीआईचं ठाणं अभ्यासताना मी आधी शीव पाहतो: वाट कोणती, गाडा कुठून निघे, शेजारच्या गावाचं ठाणं कुठे आहे. एकट्या ठाण्याचा नकाशा अपुरा पडतो. पाच-सहा गावांची ठाणी आणि शिवा एका कागदावर घेतल्या की रोग बाहेर घालवायच्या वाटा दिसायला लागतात.

इथे गावाची 'पांढर' विसरू नका. वस्तीची राखाडी-पांढरी माती जिथे आहे तिथे जुनं गाव होतं. गाव सरकतं, ठाणं सरकत नाही. आज वेशीबाहेर वाटणारी मरीआई जुन्या पांढरीच्या मानाने कुठे येते, ते तपासा. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची पद्धत होती, त्यामुळे ठाण्याजवळ मिळालेली खापरं गाडीतून आलेली नाहीत ना, तेही विचारा.

आणि पुजारी कोण होतं, हे संकोच न करता नोंदवा. अनेक गावांत मरीआईची सेवा महार समाजाकडे होती आणि पोतराज मातंगांचा. साथीचा रोग शिवेबाहेर काढायचं धोक्याचं काम गावाने त्यांच्यावर टाकलं आणि एरवी त्यांना वेशीबाहेरच ठेवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या वस्त्यांनी हे देव सोडले. कुठे मूर्ती नदीत गेल्या, कुठे ठाणं तसंच पडून राहिलं. पुरातत्त्वात जागा का आणि कधी सोडली हे क्वचित कळतं. इथे ते वर्षासकट माहीत आहे. अशा ठाण्यावर शेंदराचा शेवटचा थर आणि वरची माती यांना आपोआप तारीख मिळते. मला तर चालू ठाण्यांपेक्षा ही सोडलेली ठाणी अभ्यासाला अधिक मोलाची वाटतात. तिथल्या लोकांनी ती का सोडली ते त्यांच्याच तोंडून ऐकायला अजून माणसं आहेत. त्यांना 'तुमची जुनी परंपरा' म्हणून उपदेश करायला मात्र जाऊ नये.

देवीचा रोगही असाच तारीख देऊन गेला. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मधला. त्यानंतर ही ठाणी बंद पडली नाहीत, गोवर-कांजिण्यांवर आली, मग मुलांच्या परीक्षेवर आणि नोकरीवर आली. वाहायच्या वस्तू बदलल्या. वरच्या वीतभर थरात प्लास्टिकच्या बांगड्या का आहेत, याचं उत्तर त्यात आहे.

लिहिलेला पुरावा हवा असेल तर तो ठाण्यांवर नाही, संस्थांकडे मिळतो. पाटण्याजवळ कुम्रहारला अनंत सदाशिव आळतेकरांच्या उत्खननात (१९५१–५५) 'श्री आरोग्यविहारे भिक्षुसंघस्य' असं लिहिलेली मुद्रा मिळाली, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातली. भिक्षूंचं रुग्णालय तिथे होतं हे त्यावरून कळतं. तमिळनाडूत तिरुमुक्कूडलच्या अकराव्या शतकातल्या शिलालेखात देवळाच्या पंधरा खाटांच्या आतुरशाळेची, म्हणजे रुग्णालयाची, आणि तिथल्या औषधांचीही नोंद आहे. राजाने किंवा संघाने चालवलेली आरोग्याची जागा अक्षरं मागे ठेवते. सुईण, वैदू आणि देवऋषी यांची जागा ठेवत नाही. आपल्या इतिहासात पहिल्या प्रकारचं वजन जास्त दिसतं, त्याचं एक कारण हे आहे. गरम पाण्याची कुंडं या दोहोंच्या मध्ये येतात. वज्रेश्वरी-अकलोली, उन्हेरे, किनवटजवळचं उनकेश्वर, सगळीकडे त्वचारोगाची माणसं गंधकाच्या पाण्यासाठी येतात आणि देऊळ नंतर मोठं होतं. तो विषय वेगळा आहे, इथे लांबवत नाही.

मंडळ काम सुरू करायच्या आत तुम्ही काय कराल, ते सांगतो. मंदिराला विरोध करू नका. गाव ऐकणार नाही आणि तुम्हाला नोंदही करू देणार नाही. त्यांच्याकडे फक्त आठ दिवस मागा. प्रत्येक दगडाचा चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. चौथऱ्याचा कागदावर आराखडा, उत्तर दिशा आणि कोणता दगड कुठे आहे ते दाखवून. पाया खणताना कडेच्या मातीचे थर दिसतील. उभी भिंत खुरप्याने साफ करून तिचाही फोटो घ्या. निघालेल्या वस्तू खोलीप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी आत आणि बाहेरही. जुने दगड नदीत सोडण्याऐवजी नव्या देवळाच्या आवारात मांडायला लावा, बहुतेक मंडळं याला तयार होतात. स्वतः खड्डा घेऊ नका. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. नाण्यांची किंवा दागिन्यांची लोटी निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि ते लपवलं तर गुन्हा होतो.

माळावरचे तुकडे उचलले असतील तर जिथून उचलले ती जागा नकाशावर खूण करून ठेवा आणि बाकीचे आहेत तिथेच राहू द्या. फोटो पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे दाखवा. गाभा आहे की नाही, हे जाणकाराला चांगल्या फोटोवरून सांगता येतं. आजीचं बोलणं मात्र आधी ध्वनिमुद्रित करा: गाडा कोणत्या वाटेने जाई, कोण ओढी, कोणत्या झाडाखाली थांबे, आसरांना कोणत्या दुखण्यासाठी जात आणि मरीआईला कशासाठी. तिची मोठी बहीण किंवा वस्तीतली जुनी सुईण असेल तर तिच्याकडेही जा, कारण या दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडेल तिथेच पुढचे प्रश्न आहेत.